खेळाचा संगणक : प्रोसेसर कोणता घ्यावा?

घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा घ्या, नाही तर डोंबिवलीचा मानपाडा रोड घ्या. दहावी-बारावीचे मूल ज्या घरी आहे, तेथे हा वाद एकदा तरी होतोच. मूल म्हणते, प्रोसेसर सर्वांत महाग हवा; वडील म्हणतात, खेळासाठी एवढे पैसे कशाला? आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे; कारण प्रोसेसर नेमके कोणते काम करतो, याचा विचार दोघांनीही केलेला नसतो.

पडद्यावरचा खेळ म्हणजे सिनेमाप्रमाणेच एकामागून एक येणारी चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील, तर सातही मिळत नाहीत. तेवढ्या अवधीत चेंडू कोठे गेला, शत्रू कोणीकडे वळला, कोणती कळ दाबली गेली, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्यावरून चित्र रंगवते ग्राफिक्स कार्ड. जोडीतला एक बैल थकला, की दुसऱ्याची ताकद वाया जाते. तसेच येथे आहे.

थकलेला कोण, हे ओळखणे सोपे आहे. रिझोल्यूशन उतरवून तोच खेळ चालवावा. चित्रांची संख्या चांगली वाढली, तर अडचण कार्डाची. जवळजवळ तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसरची. १९२० × १०८० च्या चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, फोर-केच्या चित्रात बरोबर चौपट. हा वाढीव भार मुख्यतः कार्डावर पडतो. म्हणून मोठ्या पडद्यावर देखणे खेळ खेळणाराने पैसा आधी कार्डात घालावा. चपळाईच्या सामन्यांत सेकंदाला शेकडो चित्रे हवी असणाराने प्रोसेसरकडे अधिक पाहावे.

प्रोसेसरमध्ये तरी काय पाहावे? कोअर दुप्पट झाले म्हणून खेळ दुप्पट धावत नाही. कारण पुष्कळसा हिशेब एकापुढे एक असाच करावा लागतो. सहा ते आठ वेगवान कोअर बहुतेक खेळांना पुरतात. नुसता गिगाहर्ट्‌झचा आकडाही फसवा असतो. एएमडीने २०२२ मध्ये काढलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये कोअर आधीच्या ५८००एक्सइतकेच, आठ, होते आणि घड्याळाची गती थोडी कमीच होती. परंतु तिसऱ्या पातळीची कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट केल्याने अनेक खेळांत तो पुढे गेला. लागणारी माहिती हाताशी असली, की मेमरीकडे हेलपाटे कमी पडतात, एवढेच त्याचे मर्म.

कंपनीचा अभिमान मात्र नसावा. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांनी इंटेलच्या १९९३ च्या पेंटियमच्या निर्मितीत प्रमुख भाग घेतला आणि पुढे प्रतिस्पर्धी एएमडीच्या १९९७ च्या के६ मागेही तेच होते. कर्त्यालाच जे कुंपण अडले नाही, ते गिऱ्हाइकाने का मानावे?

तेव्हा लॅमिंग्टन रोडची गाडी पकडण्यापूर्वी घरात बसून एकूण रक्कम ठरवावी. मदरबोर्ड, मेमरी आणि पंखा यांचा खर्च तिच्यातच धरावा; एएम५ सॉकेटचा प्रोसेसर घेतला, तर मेमरी डीडीआर५ च लागते. आमच्याकडच्या मे महिन्यात पंख्यावर काटकसर करू नये, कारण फार तापलेला प्रोसेसर आपली गती आपणच कमी करतो. हा हिशेब मुलानेच कागदावर मांडून वडिलांना समजावून द्यावा. तो त्याला मांडता आला, तर वडिलांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळाले, असे आम्ही समजतो.