निखाऱ्यावर मांस भाजताना लाकडाची पारख हवीच

थंडीची चाहूल लागली, की शहरी मंडळींची पावले शनिवार-रविवारी पवना धरणाचा काठ, अलिबाग, इगतपुरी अशा ठिकाणांकडे वळू लागतात. मोकळ्या आकाशाखाली पेटलेला विस्तव आणि त्यावर भाजले जाणारे मांस हा अशा सहलींचा हमखास कार्यक्रम असतो. कोंबडी किती तास मुरवावी, मसाला कोणता लावावा, यावर बरीच चर्चा झडते. जळण मात्र हाती लागेल ते उचलले जाते. वास्तविक उघड्या विस्तवावर भाजलेल्या मांसाची चव आणि ते खाणाऱ्याचे आरोग्य, दोन्ही बऱ्याच अंशी लाकडावर अवलंबून असतात.

रायगड जिल्ह्यातील पोपटीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या पेटवल्या जातात. या जळणाचा धूर कसाही असला तरी चालतो, कारण मांस मडक्यात बंद असते. सळईवरच्या मांसाला असे कवच नसते. लाकडातून जे बाहेर पडते, ते थेट त्याच्यावर बसते.

त्यामुळे लाकडाची पहिली परीक्षा जातीची नव्हे, तर कोरडेपणाची. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ती विस्तवातूनच जाते, ज्वलन अर्धवट होते आणि काळा, कडवट धूर मांसावर काजळी चढवतो. चांगल्या जळणात ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत असावे. ते ओळखण्यास उपकरण लागत नाही. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना तडे गेलेले असतात, साल सहज सुटते, आकाराच्या मानाने ते हलके लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो.

दुसरी परीक्षा घट्टपणाची. हलके लाकूड भडकन पेटते आणि लगेच राख होते. घट्ट लाकडाचा निखारा दीर्घकाळ टिकतो आणि भाजण्यासाठी निखाराच हवा असतो. धुराचा सुगंध येतो तो प्रामुख्याने लाकडातील लिग्निन या घटकापासून. उष्णतेने त्याचे विघटन होऊन ग्वायकॉल, सिरिंगॉल ही सुवासिक द्रव्ये तयार होतात. राळयुक्त मऊ लाकडात मात्र या सुवासावर काजळी आणि टर्पेंटाइनसारखा दर्प मात करतो.

महाराष्ट्राच्या पठारी भागात या दोन्ही कसोट्यांना उतरणारे लाकूड म्हणजे बाभूळ. तिची उष्णता भरपूर आणि निखारा टिकाऊ. तिच्या सालीत टॅनिन मोठ्या प्रमाणात असल्यामुळे साल काढून टाकणे इष्ट. शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ ही तर टेक्सासमध्ये मांस भाजण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मेस्किट झाडाची जवळची नातेवाईक. तिचा धूर उग्र असल्याने ज्वाला पूर्ण विझल्यावर निव्वळ निखाऱ्यावर भाजावे. चिंचेचे लाकूडही घट्ट आणि उष्ण. पेरू व चिकूच्या बागांतील छाटणीचे वाळलेले लाकूड सौम्य धुरासाठी उत्तम. कोकणात नारळाच्या करवंट्यांचा निखारा हाताशी असतोच. मासळी वा कोंबडीसाठी तो पुरेसा ठरतो.

आंब्याचे लाकूड सर्वत्र मिळते. परंतु आंबा, काजू आणि बिब्बा ही झाडे एकाच कुळातील असून त्यांचा चीक कातडीला भाजतो. त्यामुळे आंबा पूर्ण वाळलेलाच घ्यावा. बिब्ब्याचे लाकूड आणि काजूची टरफले विस्तवात टाकूच नयेत. कण्हेर, मग ती लाल असो वा पिवळी, सर्वांगाने विषारी आहे. तिच्या काड्या सळई म्हणूनही वापरू नयेत. शेर, निवडुंग यांसारखी चीक असलेली झाडेही वर्ज्य. निलगिरीच्या तेलाचा वास मांसाला औषधी चव देतो.

शहरात खरा धोका असतो तो फुकट मिळणाऱ्या लाकडाचा. प्लायवूड आणि दाबून बनवलेल्या फळ्यांत फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. परदेशी मालाच्या लाकडी पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल, तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. यातील काहीही चुलीत घालू नये. वखारीतून किलोवर मिळणारे साधे सरपण खिशाला थोडे जड वाटले, तरी तेच श्रेयस्कर.

लाकूड चांगले असले तरी घाई नडते. रॉकेल न ओतता काटक्या आणि नारळाच्या सोडणाने विस्तव पेटवावा. ज्वाला शमून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत पाऊण ते एक तास थांबावे. मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली, की उठणाऱ्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्ककारक द्रव्ये असतात. म्हणून निखारे एका बाजूला सारून मांस दुसऱ्या बाजूला ठेवावे आणि करपलेला भाग काढून टाकावा. कोंबडीच्या आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस झाल्याखेरीज ती शिजली असे समजू नये. वरून काळी झालेली कोंबडी आतून कच्ची असू शकते.

सर्वांत मोठी चूक घडते ती जेवण आटोपल्यावर. ऊब मिळावी म्हणून धुमसती सिगडी तंबूत किंवा बंद खोलीत नेली जाते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. सिगडी बाहेरच राहिली पाहिजे.

सरपणासाठी उभे झाड तोडणे हाही पर्याय नाही. नागरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी परवानगी लागते. राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. धुराचा प्रश्नही आता खासगी राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत पर्यावरणस्नेही इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. सोसायटीच्या गच्चीवर सिगडी मांडणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या खिडक्यांचा विचार करायला हवा.

निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून ते ढवळावेत आणि पुन्हा पाणी ओतावे. राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये. वाळलेल्या गवतात एक ठिणगीही वणव्यास पुरेशी असते.