नीरोचे पाहुणे आणि विदर्भाचा कापूस

२००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत बुलढाणाही होता. आकडे वृत्तपत्रांत झळकले. मागे राहिलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले, हे मात्र माहितीपटांनी पडद्यावर आणले.

'तारे जमीं पर'च्या संकलक दीपा भाटिया यांनी 'नीरोज गेस्ट्स' (२००९) दिग्दर्शित करताना पत्रकार पी. साईनाथ यांना केंद्रस्थानी ठेवले. नीरोच्या उद्यानात उजेडासाठी माणसे जाळली गेली, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. साईनाथ यांचा प्रश्न नीरोविषयी नसून तेथे जमलेल्या पाहुण्यांविषयी आहे.

नंदन सक्सेना व कविता बहल या दांपत्याच्या 'कॉटन फॉर माय श्राउड'ने बीटी बियाणे, कर्ज आणि सरकारी धोरण यांची साखळी उलगडली. ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट शोध माहितीपट ठरला.

एक माहितीपट व्यवस्थेला जाब विचारतो, तर दुसरा प्रेक्षकाला. सुती कपडे वापरणाऱ्या शहरी माणसाला दुसऱ्याचे उत्तर देणे अधिक अवघड जाते.