गुरुत्वीय लहरी : उगम आणि ओळख

प्रास्ताविक : वस्तुमानाच्या वेगवान हालचालींमुळे अवकाश-कालात उठणारे तरंग म्हणजे गुरुत्वीय लहरी होत. आइनस्टाईन यांनी १९१६ मध्ये त्यांचे भाकीत केले. अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या प्रथमच प्रत्यक्ष नोंदविल्या. या लहरी कोठून येतात व त्यांचा उगम कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खगोलीय स्रोत : पहिली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती. त्यात सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर झाले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर मिळाली आणि त्याच घटनेचा प्रकाशही दुर्बिणींनी टिपला. अतिनवताऱ्याचा स्फोट व एकट्याने फिरणारा, किंचित ओबडधोबड न्यूट्रॉन तारा हेही संभाव्य स्रोत आहेत.

प्रत्येक मीलनाच्या लहरीला विशिष्ट आकार असतो. गणिताने आधी काढलेल्या आकारांशी नोंदी ताडून पाहिल्या म्हणजे गोंगाटात दडलेली लहर सापडते. या पद्धतीच्या विकासात पुण्याच्या आयुका संस्थेतील प्रा. संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे.

विश्वशास्त्रीय स्रोत : विश्वाचा सर्वांत जुना प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झाला. त्याआधीचे काही प्रकाशाने दिसत नाही. आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी मात्र तो पडदा ओलांडून येऊ शकतात. त्या एका दिशेने न येता सर्व बाजूंनी मंद गुणगुणीसारख्या याव्यात, अशी अपेक्षा आहे.

खोडद येथील कार्य : जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. स्पंदक तारे घड्याळाप्रमाणे नियमित स्पंद पाठवितात. लहर मध्ये आली की स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात. अशा अनेक ताऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून जून २०२३ मध्ये भारतीय गटासह जगातील अनेक गटांनी या गुणगुणीचे पुरावे मांडले.

ही गुणगुण कशाची? आकाशगंगांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे तिचे सर्वाधिक संभवनीय कारण मानले जाते. तथापि आरंभीच्या विश्वाचा स्रोतही अद्याप नाकारता आलेला नाही. एखाद्या दिशेने लहर अधिक तीव्र आढळल्यास कृष्णविवरांच्या बाजूने कौल मिळेल. अन्यथा निर्णय लांबेल.

समारोप : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्यामुळे लहरींच्या दिशा अधिक अचूक कळतील. सौसर-पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्यांना ही गावे परकी नाहीत. अध्यापकांनी हा विषय शिकविताना सुटलेल्या प्रश्नांबरोबरच न सुटलेला प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवावा. कारण तो सोडविणारे आज वर्गातच बसलेले असू शकतात.