चाकणला खोली शोधताना

बदलीची ऑर्डर हातात पडली की नोकरदार माणसाला पहिला प्रश्न पडतो तो खोलीचा. कामाचं पुढं बघता येतं, पण पंधरा जूनला शाळा उघडणार, पोरीचं नाव घालायचं, तेव्हा त्याच्या आत बिऱ्हाड लागलंच पाहिजे. मी कृषी खात्यात विस्ताराचं काम करतो. माझी बदली चाकण भागात झाली आणि मेच्या उन्हात, गळ्यात पंचा टाकून, मी खोली शोधायला निघालो. आठ दिवसांत जे शिकलो ते कृषी पदविकेच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

चाकण म्हटलं की जुन्या माणसाला 1660 साली शाइस्तेखानाविरुद्ध फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला संग्रामदुर्ग आठवतो आणि शेतकऱ्याला कांदा-बटाट्याचा बाजार. पण पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाभोवती औद्योगिक वसाहत वाढली, गाड्यांचे कारखाने आले आणि नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे या वाड्या-गावांतल्या शेताच्या बांधांवर खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाड्याची, विदर्भाची, बिहार-उत्तर प्रदेशची माणसं इथं पोट भरायला आली. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. तळेगाव चौकात सकाळी शिफ्टच्या बसगाड्यांची आणि कांद्याच्या पिकअपची एकच कोंडी होते. त्या कोंडीत उभं राहिलं की गाव किती वेगानं वाढलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

खोली शोधायची रीत अशी. विजेच्या खांबावर पाटी असते, "खोली भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी". फोन लावला की पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीत?" दुसरा, "गाव कुठलं?" तिसरा, "आडनाव काय?" आडनाव सांगूनही समोरच्याचा अंदाज बसला नाही, तर मग, "म्हणजे तुमच्यात नेमके कोण?" एका ठिकाणी दार उघडून खोली दाखवली, पाण्याची टाकी दाखवली आणि आडनाव ऐकल्यावर मालक म्हणाले, "बघतो, आमच्या पोराला विचारून कळवतो." अजून कळवतायत. मी सरकारी नोकर, हातात ऑर्डर, तरी ही गत. परगावाहून आलेल्या हेल्पर पोराची काय होत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

शेवटी एका आजींनी खोली दिली. दोन खोल्या, भाडं साडेसहा हजार, अनामत वीस हजार. आजींनी एवढंच विचारलं, "लेकरं किती? पाणी एक दिवसाआड येतं, चालंल का?" म्हटलं, चालेल.

शेजारच्या खोलीत एक बाई राहते. मूळची परभणीकडची. नवरा-बायको दोघं कारखान्यात कंत्राटी कामाला. आधीच्या ठिकाणी त्यांनी पंधरा हजार अनामत भरली होती, कागद काहीच नाही. वर्षभरानं मालकाला खोली दुसऱ्याला जास्त भाड्यानं द्यायची होती. त्यानं निघा म्हटलं. हे लगेच निघेनात, तर विजेची वायर काढली. पावसाळ्याचे दिवस, अंगावर पिणारं बाळ. चौथ्या दिवशी बिऱ्हाड हलवलं. अनामतीतले पाच हजार मिळाले, बाकीचे "रंगकामात गेले". बाई मला म्हणाली, "साहेब, भांडायचं कशाच्या जोरावर? आम्ही तिथं राहत होतो हेच कुठं लिहिलेलं नव्हतं."

मंडळी, खरी मेख इथंच आहे. अकरा महिन्यांचा करार केला तर नोंदणी लागत नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही आणि वाद झाला, तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर शिक्षेची तरतूद आहे ती वेगळीच. भाड्याची पावती द्यावी, वीज-पाणी तोडून भाडेकरूला हुसकू नये, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

खर्च किती? माझाच हिशेब सांगतो. अकरा महिन्यांचं भाडं आणि अनामतीवरचं धरलेलं व्याज मिळून जी रक्कम होते तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. माझ्या करारात ते दोनशेच्या आत बसलं. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत 1000 आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत 500 रुपये. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. आता हे काम ऑनलाइन होतं, दोघांचे अंगठे आणि आधार लागतात. आजी आधी बिचकल्या. "अंगठा दिला म्हंजी घर जातंय का काय?" त्यांना समजावलं की आजी, उलट आहे. मुदत संपल्यावर मी निघालो नाही, तर हाच कागद तुमच्या कामी येणार. मग त्यांनी अंगठा दिला. निम्मा खर्च मी दिला.

आता दोन शब्द शेतकरी बांधवांसाठी. बांधावर गेलो की हल्ली कांद्यावरच्या करप्यापेक्षा हाच प्रश्न जास्त येतो, "साहेब, दहा गुंठ्यांत खोल्या टाकू का?" कांद्याचा भाव आज आहे, उद्या नाही. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. तेव्हा टाकू नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मी स्वतः अशाच खोलीत राहतो. पण आधी पाण्याचा हिशेब करा. दहा खोल्या म्हणजे चाळीस माणसं. माणशी 55 लिटर धरलं तरी रोज 2200 लिटर. एक एकर कांद्याला पाटानं पाच सेंटीमीटरचं एक पाणी द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात, म्हणजे तेवढ्यात या खोल्यांचे तीन महिने निघतात. पाणी तसं थोडकंच वाटेल. फरक असा की बोअर आटली तर कांद्याची लागवड टाळता येते, मे महिन्यात माणसांची तहान टाळता येत नाही. मग टँकर येतो आणि भाड्यातला पैसा त्यात जातो.

दुसरं, तेवढंच सांडपाणी रोज बाहेर पडणार. काळ्या रानात शोषखड्डा लवकर तुंबतो. ते पाणी शेजाऱ्याच्या वावरात सोडलं की बांधाचं भांडण उभं राहतं. तिसरं, बांधकामाची परवानगी काढल्याशिवाय पायाचा दगड ठेवू नका. आणि चौथं, सगळंच रान खोल्यांखाली घालू नका. जमिनीवर एकदा काँक्रीट पडलं की तिथं पुन्हा वाफा होत नाही.

सांगायचं एवढंच की भाडेकरू हा पाहुणा नाही आणि उपराही नाही. तो पैसे मोजून राहतो. आपलीही पोरं आज कुठं ना कुठं खांबावरच्या पाट्या वाचत फिरत असतील. त्यांना कुणी आडनाव विचारून दार लावू नये असं वाटत असेल, तर आपलं दार आधी उघडं हवं.

आमच्याकडे आज पाण्याचा दिवस आहे. शेजारच्या बाईनं आमचेही दोन हंडे भरून ठेवलेत. त्यांच्या नव्या खोलीच्या कराराची नोंदणी गेल्या आठवड्यात झाली. त्याची एक प्रत तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर ट्रंकेत जपून ठेवली आहे.