ई.पी.ए.बी.एक्स. : पाच अक्षरांची आगगाडी

मोठ्या रुग्णालयात किंवा कचेरीत ‘ई.पी.ए.बी.एक्स.’ अशी पाटी तुम्ही वाचली असेल. या आगगाडीचे डबे आपण शेवटून मोजू.

‘एक्स’ म्हणजे एक्स्चेंज. समजा, एका इमारतीत २० दूरध्वनी आहेत. प्रत्येक दूरध्वनी दुसऱ्या प्रत्येकाशी थेट जोडायचा, तर तारांच्या किती जोड्या लागतील? २० × १९ ÷ २, म्हणजे १९०! त्याऐवजी सर्व तारा एका मध्यवर्ती खोलीत आणल्या, तर २० जोड्या पुरतात. ही खोली म्हणजे एक्स्चेंज. अमेरिकेतील न्यू हेवन येथे जानेवारी १८७८ मध्ये पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्राहक होते अवघे २१.

‘बी’ म्हणजे ब्रँच, शाखा. माझ्या मते सगळा अर्थ या अक्षरात आहे. संस्थेचे छोटे एक्स्चेंज गावातील मोठ्या एक्स्चेंजला मोजक्या तारांनी जोडलेले असते, खोडाला फांदी असावी तसे. ते संस्थेचे खासगी, म्हणून ‘पी’, प्रायव्हेट.

पूर्वी तेथे ऑपरेटर बसून हाताने जोडण्या करी. आल्मन स्ट्रोजर या अमेरिकन गृहस्थाने १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळवले. (गृहस्थांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा!) अशी स्वयंचलित यंत्रे खासगी शाखांतही आली आणि ‘ए’, म्हणजे ऑटोमॅटिक, हा डबा मध्येच घुसला. पुढे हलणाऱ्या भागांची जागा इलेक्ट्रॉनिक मंडलांनी घेतली. ‘ई’ इंजिनासारखा पुढे लागला.

आपण या सगळ्याला सरसकट ‘इंटरकॉम’ म्हणतो. पण निव्वळ इंटरकॉम आतल्या आतच बोलतो. शाखेला मात्र बाहेरची वाट असते आणि त्या वाटेवर दार असते. तुम्ही दाबलेले अंक आधी शाखा वाचते. ० किंवा ९ असा ठरलेला अंक मिळाला, तरच ती बाहेरची तार देते.

हा केवळ शब्दाचा कीस नव्हे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधील एका हॉटेलच्या खोलीत आई प्राणसंकटात असताना नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा तातडीचा क्रमांक चार वेळा लावला. तो लागलाच नाही. बाहेरच्या तारेसाठी आधी आणखी एक ९ दाबायचा होता, हे तिला कोण सांगणार? आई वाचली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला : अशा नव्या यंत्रणांतून ९११ थेट लागलाच पाहिजे. तो त्या आईच्या नावाने, ‘केरीचा कायदा’ म्हणून ओळखला जातो.