रूटिंग हार्मोन म्हणजे काय? पाकिटावरच्या 0.8 ने माझी शेवंती कशी घालवली

मागच्या पावसाळ्यात अकोल्याला बाबांच्या वावरात मी शेवंतीची 60 कटिंग लावली. विचार होता की दसरा-दिवाळीला दांड्यासकट फुलं विकू. पंधरा दिवसांत जवळपास सगळी बुडातून काळी पडली. आजी म्हणाली, "काऊन रे, काय लावलं त्याले?" लावलं होतं रूटिंग हार्मोन. तेही भरपूर!

चूक कुठे झाली ते सांगतो. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं आणि खाली सरकतं. फांदी कापली की ते कापलेल्या टोकाशी साचतं. मग तिथल्या पेशींना निरोप जातो, "मुळं काढा." 1928 मध्ये फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर प्रयोग करून हे संजीवक वेगळं मिळवून दाखवलं. दुकानातल्या पावडरमध्ये बहुतेक वेळा आयबीए असतं. ते ऑक्झिनच्याच घराण्यातलं, पण नैसर्गिक ऑक्झिनपेक्षा जास्त टिकणारं.

म्हणजे हे खत नाही, फक्त निरोप आहे. आणि निरोप गरजेपेक्षा मोठा झाला की कोवळी पेशी जळते.

आता पाकिटावरचा आकडा बघा. टक्केवारीला 10,000 ने गुणा, पीपीएम मिळतात. फोनच्या कॅल्क्युलेटरवर 0.1 × 10000 केलं की 1000 पीपीएम. शेवंतीसारख्या कोवळ्या कटिंगला एवढं पुरतं. गुलाबाच्या अर्धवट पिकलेल्या काडीला 0.3 टक्के चालतं. 0.8 टक्के म्हणजे 8000 पीपीएम, हे जून, कडक लाकडासाठी. मी नेमकं तेच आणलं होतं. दुकानदाराने दिलं, मी वाचलं नाही.

या वर्षी असं केलं: कळी नसलेले शेंडे, 8-10 सेंमी लांब, सकाळी ब्लेडने कापले. खालची पानं काढली. थोडी पावडर वेगळ्या वाटीत घेतली (ओली काडी थेट डबीत घातली तर उरलेली पावडर खराब होते). बुडाचा सेंटीमीटरभर भाग त्यात टेकवला, जास्तीची झटकली. मग पेन्सिलने कोकोपीटमध्ये भोक पाडून काडी बसवली. नुसती खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. बाकी शेडनेट आणि दिवसातून तीन-चार वेळा फवारा. त्यासाठी फोनवर अलार्म लावला, कारण आपल्या वऱ्हाडात पाऊस दोन दिवस थांबला की ऊन लगेच चटके देतं.

मध, दालचिनीचे रील्स मीही पाहिलेत. बुरशी थोडी रोखली जात असेल, पण हार्मोनचं काम त्यातून होत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हार्मोनने फूल मोठं होत नाही. फायदा असा की मुळं भरपूर आणि सगळ्यांना साधारण एकाच वेळी फुटतात. रोपं एकसारखी वाढली की दांडे सारख्या उंचीचे मिळतात, कळ्या सोबत उमलतात. जुडी बांधून विकायची तर भाव तिथेच ठरतो.

माझ्या ट्रेमध्ये तिसऱ्या आठवड्यात 40 पैकी 34 काड्यांना मुळं दिसली. शेजारी दहा काड्या मुद्दाम पावडरशिवाय ठेवल्या होत्या. त्यातल्या सहा जगल्या, पण मुळं दोन-चारच. शेवंती तशी बिनहार्मोनचीही येते, फक्त मागेपुढे येते. गुलाबाच्या काड्या मात्र आता अमरावतीला मावशीच्या गच्चीवर लावल्यात. 0.3 टक्क्यांची पावडर, यावेळी पाकीट दोनदा वाचून.