बुजलेला घोडा आणि तंजावरचे अश्वशास्त्र

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव महाराष्ट्रात पुष्कळांच्या कानांवर असते. तेथील पोथ्या प्रत्यक्ष पाहिलेले मात्र थोडे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी स्थापिलेले मराठी राज्य १८५५ साली संपुष्टात आले. राज्य गेले, पोथ्या राहिल्या. त्यांत वेदान्त आहे, वैद्यक आहे, मराठी नाटके आहेत, मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि नकुलाच्या नावावर चालत आलेले एक अश्वशास्त्रही आहे. ग्रंथालयाने ते १९५२ साली रंगीत चित्रांसह छापून प्रसिद्ध केले. या शास्त्राशी नकुलाचे नाव जोडले जावे हे स्वाभाविकच होय. अज्ञातवासाच्या वर्षी विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक नाव घेऊन राहिलेला पांडव तोच.

या ग्रंथालयाला ज्यांच्यामुळे वैभव आले त्या दुसऱ्या सरफोजीराजांचे अश्वज्ञान केवळ पोथीतले नव्हते. कलकत्त्याचा बिशप हेबर १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरास आला होता. हा राजा युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची आणि निसर्गशास्त्रज्ञांची नावे सहज घेतो याचा त्याला अचंबा वाटलाच. परंतु आसपासचे इंग्रज अधिकारी या राजाला घोड्याचा खरा पारखी म्हणून मान देतात, हेही त्याने आवर्जून लिहून ठेवले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. घोड्याच्या पाठीवर बसून ज्यांच्या पूर्वजांनी मुलूख मिळविला, त्यांच्याकडे मुलूख उरला नाही तरी घोड्याची पारख तेवढी उरली होती.

पारख करावयाची ती निकोप घोड्याची. कोणाच्या तरी हातून बिघडलेल्या घोड्याचे काय करावे, हा प्रश्न त्याहून अवघड. शुक्रनीतीत याविषयी एक कठोर वचन आढळते. भलत्या जागी मार बसलेल्या घोड्याला नाना खोडी जडतात आणि घोडा जिवंत असेपर्यंत त्या सुटत नाहीत, असा त्याचा आशय आहे. हे वचन खरे मानले तर मार खाल्लेल्या घोड्याचे भवितव्य ठरल्यासारखेच. जो पाठीवर खोगीर ठेवू देत नाही, गाडीला जुंपू देत नाही, त्याला दाणावैरण घालून पोसणारा धनी विरळा. असा घोडा एका हातातून दुसऱ्या हातात, प्रत्येक वेळी कमी किमतीला आणि अधिक निर्दय माणसाकडे, जात राहतो. तेव्हा खोगीर हा येथे थाटामाटाचा विषय नाही. त्या जनावराच्या जगण्यामरण्याचा आहे.

चोलमंडल ही मुळात घोड्यांची भूमी नव्हे. भाताची खाचरे, दमट उष्मा, मऊ चिखलाची जमीन. दख्खनच्या कोरड्या माळावर भीमथडीची तट्टे जशी काटक निपजत तशी येथे निपजणे कठीण. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने लिहिले आहे की येथील राजे दर वर्षी दोन दोन हजार घोडे समुद्रापलीकडून विकत घेतात, आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही हयात नसतात. त्यांची निगा राखणारा जाणता माणूस नाही आणि त्यांना शिजवलेला भात व मांस चारतात, असे कारणही तो देतो. प्रवाशाच्या आकड्यांवर किती विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण अज्ञानाने होणारा छळ हाही छळच असतो, एवढे त्यावरून दिसते. उगारलेला चाबूक सर्वांना दिसतो. पाठीला घासणारे खोगीर, टोचणारा तंग, न तपासलेले दात, वाढलेले खूर हे कोणाला दिसत नाही.

घोडा हा पळून जीव वाचविणाऱ्या जातीचा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे त्याला आपल्याभोवतीचे जवळजवळ सर्व वर्तुळ दिसते; अगदी कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग तेवढा दिसत नाही. त्याच भागातून कोणी एकाएकी हात लावला तर तो दचकतो, आणि दचकल्यावर आधी पळतो, विचार मागून करतो. बांधलेला असल्यामुळे पळता आले नाही, तर लाथ मारतो किंवा चावतो. लोक यालाच खोड म्हणतात. वास्तविक ती खोड नसून आठवण असते. माणसाविषयीची त्याची आठवण किती बारीक असते हे २०१८ साली इंग्लंडमधील ससेक्स व पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले. घोड्यांना त्यांनी एखाद्या माणसाचे रागावलेले किंवा हसरे छायाचित्र दाखविले आणि काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर उभा केला. कोणते छायाचित्र दाखविले गेले हे त्या माणसालाही सांगितले नव्हते. रागावलेला चेहरा पाहिलेल्या घोड्यांनी त्या माणसाकडे डाव्या डोळ्याने अधिक पाहिले. धोक्याच्या वस्तूकडे घोडे सामान्यतः असेच पाहतात. नुसत्या चित्राची आठवण जर इतकी टिकते, तर चाबकाची किती टिकत असेल! आपल्या भाषेत घोडा शिकविणाऱ्याला चाबुकस्वार म्हणतात. शब्द रुबाबदार खरा, पण त्या धंद्यात कशाला अग्रस्थान होते हेही तो सांगून जातो.

अशा घोड्याला सुधारावयाचे झाल्यास पहिले काम सालोत्र्याचे, म्हणजे पशुवैद्याचे. पाठीच्या कण्यावर दाब दिला असता घोडा पाठ खाली घेतो काय, तोंडात कडियाळीने झालेल्या जखमा आहेत काय, दाढांना धारदार टोके आली आहेत काय, खुरांची अवस्था कशी आहे, हे सर्व आधी पाहिले पाहिजे. दुखत असलेल्या घोड्याला शिकविण्याचा प्रयत्न म्हणजे त्याच्या भयाला दुजोरा देणे होय. काटेरी कडियाळी किंवा जखम करणारे कसलेही साधन वापरण्यास आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे १९६५ चे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. नियम पाळले जातात की नाही हे रस्त्यावरचा कोणताही घोडा तोंड उघडून सांगेल.

शरीर बरे झाल्यावरही लगेच शिकवणीस आरंभ करू नये. घोड्याला मोकळी, कुंपण असलेली जागा द्यावी, चारा-पाणी ठरल्या वेळी द्यावे आणि शक्य तर शांत स्वभावाचा दुसरा घोडा जवळ ठेवावा. दुसरा घोडा माणसाच्या हाताला निःशंकपणे नाक लावतो, हे पाहणे बुजलेल्या घोड्याला धीर देते. माणसाने रोज त्याच वेळी यावे, काही न मागता कुंपणाच्या आत थोडा वेळ बसावे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये, आणि निघून जावे. हे ऐकण्यास पोरकट वाटेल. परंतु ज्याच्याकडे आलेला प्रत्येक माणूस काही तरी करून घेण्यासाठीच आला, त्याला काहीही न मागणारा माणूस ही अपूर्व गोष्ट असते.

यानंतर जवळ जाणे. साऱ्या शास्त्राचे मर्म येथे आहे, म्हणून ते सावकाश समजून घ्यावे. माणूस सरळ समोरून न जाता खांद्याच्या रोखाने, तिरप्या वाटेने पुढे जातो. काही अंतरावर घोड्याचे कान ताठ होतात, मान उंचावते, श्वास रोखला जातो. त्याच जागी थांबावयाचे. पाऊल पुढे नाही, मागेही नाही. क्षणभराने घोडा मान किंचित खाली घेतो, एक लांब श्वास सोडतो. आणि नेमक्या त्या क्षणी माणसाने पाठ वळवून दूर व्हावयाचे. आपण शांत राहिलो की भय दूर होते, हे घोड्याला यातून कळते. तो उधळल्यावर माणूस मागे सरला, तर उधळल्याने भय दूर होते असे तो शिकतो. दोहोंत अंतर एका श्वासाचे आहे, पण एकातून घोडा सुधारतो व दुसऱ्यातून बिघडतो. ओठ चाटणे हे समाधानाचे चिन्ह म्हणून सांगण्याची एक रूढी आहे. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण ताणाखालीही घोडा ओठ चाटतो. खरी साक्ष श्वासाची आणि मानेची.

पहिला स्पर्श तोंडाला करू नये. आयाळ जेथे संपते तेथील उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी खाजवितात. त्या जागी माणसाने खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळून आले. पागेतल्या अडाणी मोतद्दाराला हे बहुधा आधीच ठाऊक असावे. तो खरारा करताना त्या जागी रेंगाळत असे तो उगीच नव्हे. मानेपासून पाठीकडे, पाठीपासून पोटाकडे, असा हात रोज थोडा पुढे न्यावा आणि घोडा आक्रसण्यापूर्वी काढून घ्यावा. मग कडियाळी नसलेली साधी दोराची मोरकी, तीही आधी हुंगू देऊन.

खोगिराची पाळी यानंतर येते, आणि तेही एकदम नाही. आधी एक घडी केलेले फडके पाठीवर ठेवावे व उचलावे. पुन्हा ठेवावे व उचलावे. नंतर जाड नमदा. मग रिकामे खोगीर, रिकिबी काढून, कारण लोंबणारी रिकीब बरगडीवर आपटली की घोड्याला लाथ आठवते. सर्वांत बिकट गोष्ट तंगाची. पोटाभोवती आवळला जाणारा पट्टा त्याला सापळ्यासारखा वाटतो, म्हणून तो पहिल्या दिवशी केवळ पोटाला टेकवावा, दुसऱ्या दिवशी खोगीर सरकणार नाही एवढाच बांधावा, आणि बांधल्यावर घोड्याला चार पावले चालवून मगच एक भोक वर घ्यावा. खोगीर त्याच्या पाठीच्या मापाचे असले पाहिजे हे निराळे सांगावयास नको. भार कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा, यासाठी आतली भरती सारखी व मऊ हवी. खोगीरभरती हा शब्द मराठीत निरुपयोगी वस्तूंसाठी रूढ झाला आहे. घोड्याला विचारले असते तर त्याने ही म्हण चालू दिली नसती. तंजावरच्या हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घामाने भिजलेला नमदा पाठीची कातडी सोलून काढतो, म्हणून शिकवणी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी आटोपावी, आणि नमदा रोज धुऊन वाळवावा.

या सगळ्याला किती दिवस लागतात, असे विचारणारा माणूस बहुधा घाईत असतो. काही घोडे थोड्या आठवड्यांत खोगीर स्वीकारतात, काहींना अनेक महिने लागतात. घाईचा मार्ग नाही असे नाही. १८५८ साली इंग्लंडात रेरी नावाच्या अमेरिकन माणसाने क्रूझर या घोड्याला वश केले. तो घोडा इतका बेफाम मानला जात असे की त्याच्या तोंडाला लोखंडी मुसके घालून ठेवीत. रेरी स्वभावाने सौम्य होता, मारहाणीचा त्याला तिटकारा होता. त्याच्या प्रयोगांना राणी व्हिक्टोरियाही उपस्थित राहिली. पण त्याच्या पद्धतीत घोड्याचा एक पुढचा पाय पट्ट्याने वर बांधून, तो थकेपर्यंत झगडू देऊन, अखेर त्याला जमिनीवर निजविणे हा भाग होता. चाबकापेक्षा हे शतपटींनी बरे, यात शंका नाही. तथापि झगडून हरलेल्या प्राण्याची स्तब्धता आणि विश्वासाने उभ्या राहिलेल्या प्राण्याची स्तब्धता बाहेरून सारखी दिसत असली तरी आतून सारखी नसते. पहिला घोडा खोगीर सोसतो. दुसरा खोगीर दिसल्यावरही माणसाकडे चालत येतो.

मग शुक्रनीतीचे वचन खोटे म्हणावे काय? अर्धे खोटे. खोडी सुटतात, हे आता निश्चित सांगता येते. आठवण मात्र पुसली जात नाही. जुन्या भयाच्या शेजारी नव्या अनुभवांची रास घातली जाते आणि घोडा बहुतेक वेळा त्या राशीकडे पाहून वागतो, इतकेच. वर्षभर शहाण्यासारखा वागलेला घोडा एखाद्या दिवशी चाबकासारख्या आवाजाने पुन्हा पूर्वीचा होतो. अशा वेळी रागावू नये, फडक्यापासून पुन्हा आरंभ करावा. दुसऱ्या खेपेस वेळ फार कमी लागतो. त्याच ग्रंथात भ्यालेल्या घोड्याला कोठे मारावे याचीही जागा नेमून दिली आहे. जुन्या शास्त्राचा आदर राखूनही एवढे म्हटलेच पाहिजे की भ्यालेल्याला मारण्याची योग्य जागा अंगावर कोठेच नसते.

तंजावरसारख्या गावी तर हा प्रश्न नित्याचा. देवळाच्या उत्सवात नागस्वर, तविल, फटाके आणि माणसांचा लोंढा यांतून बुजऱ्या घोड्याला नेणे धोक्याचे. तेथे मिरवावयास दुसरा घोडा आहे: पोइक्काल कुदिरै, म्हणजे लाकडी पायांवर चढून, कमरेभोवती घोड्याचा सांगाडा अडकवून नाचावयाचा खेळ. हा खेळ मराठ्यांबरोबर तंजावरास आला असे परंपरा सांगते. तो घोडा ढोलाला बुजत नाही आणि त्याच्या खोगिराखाली पाठ दुखत नाही.

खऱ्या घोड्याची पहिली स्वारी मात्र मिरवणुकीसारखी नसते. पहाटेच्या वेळी कोणी तरी हलक्या अंगाचा माणूस प्रथम नुसता पाठीवर ओणवा होतो व उतरतो, असे चारदोन दिवस झाल्यावर एक दिवस पाय पलीकडे टाकतो. मोरकी धरणारा ओळखीचा असतो. घोडा कान मागे वळवून वरच्या वजनाचा अंदाज घेतो, दहा पावले चालतो, थांबतो, एक दीर्घ श्वास सोडतो. स्वार तेथेच उतरतो, तंग सैल करतो, खोगीर काढून घेतो आणि घामाचा डाग कोठे कसा पडला आहे हे पाहून आयाळीखालच्या त्या उंचवट्यावर खरारा फिरवू लागतो.